कपाटातला घरकोंबडा

बिल्लेबाई दुधाची पिशवी घेतली की आधी ती उजेडाकडे धरायच्या. दुकानदाराने एकदा विचारलं, "बाई, रोज काय बघता एवढं? आत काय दिसतं?"

"काही दिसत नाही, म्हणूनच बघते," बाई म्हणाल्या आणि पिशवीवरची तारीख वाचून पुढे निघाल्या.

संशय हा त्यांचा स्वभाव होता की नोकरी, हे घरच्यांनाही सांगता आलं नसतं. विद्यापीठाच्या वैद्यकीय भौतिकी विभागात त्या एकतीस वर्षं होत्या. विभागाला लागूनच रुग्णालय. तिथे किरणोत्सारी औषधं टोचून तपासण्या करतात, यंत्राने गाठींवर किरण सोडतात. अशा ठिकाणी काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर काड्यापेटीएवढा एक बिल्ला असतो. अंगावर पडलेला किरणोत्सार त्यातली चकती गुपचूप साठवत राहते. दर तीन महिन्यांनी बाई जुने बिल्ले गोळा करायच्या, नवे वाटायच्या आणि जुने यंत्रात घालून कोणाच्या वाट्याला किती आलं याचा अहवाल काढायच्या.

असे बेचाळीस बिल्ले होते. शिवाय एक त्रेचाळिसावा, जो कोणीच लावायचं नाही. तो बाईंच्या लोखंडी कपाटात खिळ्याला टांगलेला असायचा. थोडाफार किरणोत्सार सगळीकडेच असतो, मातीत, भिंतीत, आभाळातून येणारा. तो कामामुळे पडलेला नव्हे. म्हणून कपाटातल्या बिल्ल्यावर जो आकडा येईल तो बाकी सगळ्यांच्या आकड्यातून वजा करायचा. उरेल तो कामाचा. कागदोपत्री त्या बिल्ल्याचं नाव 'कंट्रोल' होतं. बाई त्याला घरकोंबडा म्हणायच्या.

"बाकीचे बेचाळीस दिवसभर कुठे उंडारतात, कोणाला ठाऊक. हा एकटा घर सोडत नाही," त्या नव्या मुलांना सांगायच्या. "भरवसा ठेवायचा तर याच्यावर."

कपाटाची किल्ली एकच. ती त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात असायची, आंघोळीलासुद्धा.

बाई लहानपणी मावशीकडे वाढल्या. मावशी वाईट नव्हती, पण घरात चमचा हरवला तरी पहिलं नाव हिचं निघायचं. चमचा सापडला की कोणी काही बोलायचं नाही. तेव्हापासून बाईंना दोनच गोष्टी खऱ्या वाटत आल्या, कुलूप आणि कागद.

घरी माणसं मोजकी. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा, आता निवृत्त होता आणि वर्तमानपत्रातल्या चुकांवर लाल पेन्सिलीने गोल करत बसायचा. मुलगा दुसऱ्या शहरात पुलाच्या कामावर होता, महिन्यातून एकदा यायचा. आणि सून. सून याच रुग्णालयात, औषध भरायच्या खोलीत तंत्रज्ञ होती. किरणोत्सारी औषध सुईत भरायचं, रोग्याला टोचायचं, हे तिचं काम. नोकरी कंत्राटी होती. त्या खोलीतली कायमची जागा निघाली होती आणि तीन महिन्यांनी मुलाखत होती. सुनेने या जागेसाठी दोन वर्षं थंडी-ताप न बघता काम केलं होतं.

त्याच सुमाराला विद्यापीठाने चार विभागांचा मिळून एक मोठा प्रकल्प काढला. कालव्यापलीकडच्या जुन्या वस्तीत पूर्वी घड्याळांचा कारखाना होता. इतिहासवाले तिथल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी लिहून घेणार, शहरी जीवनवाले आजच्या गल्ल्यांमधलं राहणीमान टिपणार, भौतिकीवाले माती मोजणार, आणि पर्यावरण धोरणवाले त्या मातीचं पुढे काय करायचं याचा नियम लिहिणार.

"चौघांची खिचडी," बाई नवऱ्याला म्हणाल्या. "मीठ कोणी घातलं हे कोणालाच माहीत नसणार."

इतिहास विभागात जागा नव्हती, म्हणून इतिहासवाल्या सरांना बाईंच्या खोलीचा अर्धा भाग मिळाला. सर वयाने तरुण, केस विस्कटलेले, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक पुठ्ठ्याचा खोका आणून टेबलावर ठेवला.

"काय आहे यात?" बाईंनी विचारलं.

"वस्तीतल्या लोकांनी दिलेल्या वस्तू. पुढे प्रदर्शन करायचंय."

"यादी?"

"आहे ना." सरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "राहू दे खोका इथेच. मी येतो जेवून."

सर जेवून आले ते तिसऱ्या दिवशी. तोवर खोका उघडा, टेबलावर. खोलीत सतराशे साठ माणसांची ये-जा. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. उद्या यातलं काही गेलं, तर खोलीत कोण बसतं? बाई बसते. मग नाव कोणाचं येणार? त्यांनी यादी घेऊन एकेक वस्तू मोजली. गजराची घड्याळं सात, चिमटे चार, पितळी डब्या दोन, कारखान्यातल्या बायकांचा फोटो एक. सगळ्यावर बरोबरची खूण केली, खाली सही केली, खोका कपाटात खालच्या कप्प्यात ठेवला आणि कुलूप लावलं.

सर आले. "बाई, माझा खोका?"

"सुरक्षित आहे. हवा असेल तर लेखी अर्ज द्या. विभागप्रमुखांच्या सहीने."

"अहो, माझाच खोका आहे तो."

"म्हणूनच अर्ज तुम्हीच द्या."

विभागप्रमुख मॅडम तेव्हा परदेशी परिषदेला गेल्या होत्या. त्या आल्या तेव्हा सर वस्तीत मुलाखतींत अडकले होते. अर्ज राहिला. खोकाही राहिला.

या तीन महिन्यांत बाईंना सुनेचं वागणं खटकू लागलं. ती शनिवारी "कामाला जाते" म्हणून निघायची आणि तिन्हीसांजेला परत यायची. बुटांना माती. रुग्णालयाच्या फरशीवर माती कुठून येणार? एका शनिवारी बाई मुद्दाम विभागात गेल्या. भिंतीवर बिल्ल्यांची पाटी असते, घरी जाताना प्रत्येकाने बिल्ला तिथे अडकवायचा. सुनेचा बिल्ला पाटीवर लटकत होता.

म्हणजे सून कामावर आणि बिल्ला भिंतीवर.

संध्याकाळी सून दारात बूट काढत होती. बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज फार काम होतं?"

"होतं."

"खोलीतच?"

"कुठल्या खोलीत?" सून म्हणाली आणि लगेच, "हो, तसंच काहीतरी."

सून हात धुवायला गेली. तिची पर्स खुर्चीवर होती. बाईंनी ती उघडली. आत रुमाल, बसचा पास, पेन, अर्धवट बिस्किटाचा पुडा. दाराशी सून उभी होती.

"काही हवं होतं का, आई?"

"पेन," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून पर्स सुनेच्या खोलीत, आतल्या खिळ्याला.

"ताकाला जाऊन भांडं लपवते आहे," बाई नवऱ्याला म्हणाल्या.

"पर्स तूच उघडलीस ना?" नवरा वर्तमानपत्रातून म्हणाला. "मग तिने लपवायची नाही तर काय, तुला किल्ली द्यायची?"

तिमाही संपली. बाईंनी सगळे बिल्ले यंत्रात घातले. पूर्वी वजाबाकी त्या हाताने करायच्या, शेजारी कोरा कागद घेऊन. दोन वर्षांपूर्वी नवा प्रोग्राम आला, तेव्हापासून संगणकच सगळं वजा करून तयार अहवाल छापायचा. अहवालात बेचाळीस नावांपुढे बेचाळीस शून्यं होती.

त्यातल्या एकेचाळिसांचं बाईंना काही वाटलं नाही. यंत्राच्या खोलीतले लोक जाड भिंतीआड बसतात, त्यांचं शून्य नेहमीचंच. औषधाच्या खोलीतले डॉक्टर तीन महिने रजेवर होते. पण सून रोज हाताने औषध भरत होती. तिचा आकडा दर वेळी शून्य दशांश चारच्या आसपास यायचा. तो शून्य कसा?

एकच उत्तर होतं. ज्याचा आकडा वाढतो त्याला त्या खोलीतून काही काळ हलवतात. कायमची जागा तर त्याच खोलीतली. मुलाखत तोंडावर. पोरीने बिल्ला भिंतीवर ठेवून काम केलं.

अहवालाच्या शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. बाईंनी पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. दुसऱ्या कोणाचं नाव असतं तर त्यांनी काय लिहिलं असतं? तेच लिहिलं. 'बिल्ला नियमित वापरला नसावा. चौकशी व्हावी.'

चार दिवसांनी सुनेला नोटीस आली. खुलासा समाधानकारक नसेल तर मुलाखतीला बोलावणार नाहीत आणि कंत्राटही वाढणार नाही.

त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर सुनेने नोटीस पाण्याच्या तांब्याला टेकवून उभी केली. शेऱ्याची नक्कल सोबत जोडलेली होती.

"अक्षर ओळखलं मी," ती म्हणाली. "मला विचारलं असतंत, आई."

"विचारलं की माणूस उत्तर तयार ठेवतं."

"आणि न विचारता?"

"न विचारता कागद बोलतो. शनिवारी तुझा बिल्ला पाटीवर होता. मी डोळ्यांनी बघितला."

सून हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "शनिवारी मी जुन्या वस्तीत असते. प्रकल्पाची माती मोजायला. तिथे बिल्ला न्यायची परवानगी नाही, म्हणून पाटीवर असतो. घरी सांगितलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असतात, त्या विस्कटलेल्या सरांबरोबर कशाला हिंडतेस."

बाई तेच म्हणणार होत्या. नवऱ्याने भाजीचं भांडं सुनेकडे सरकवलं. तिने वाढून घेतलं नाही.

रात्री नवरा एवढंच म्हणाला, "घरचं माणूस आहे, तेवढा तरी फायदा द्यायचा संशयाचा."

"घरचं आहे म्हणूनच नाही दिला. उद्या लोक म्हणतील, कुंपणानेच शेत खाल्लं."

"लोक काय म्हणतील ते लोकांनी म्हणेपर्यंत तरी थांबायचं."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बाईंच्या खिडकीशी सून उभी. तिच्यापुढे दोन माणसं होती, ती रांगेतच थांबली. तिची पाळी आली तेव्हा तिने दोन कागद पुढे केले.

"अर्ज आहे. माझ्या बिल्ल्याचा वजाबाकीच्या आधीचा आकडा मिळावा. एक प्रत तुमची, एक माझी. पोच द्या, बाई."

घरात आणि कामावर दोन वर्षांत तिने त्यांना कधी 'बाई' म्हटलं नव्हतं. बाईंनी शिक्का मारला. तो तिरका पडला.

अर्ज लेखी होता, त्याला उत्तर देणं भाग होतं. पण आधीचे आकडे प्रोग्राम दाखवत नसे. बाईंनी कपाटावरची माहिती पुस्तिका काढली, धूळ झटकली आणि दुपारभर वाचली. सत्तेचाळिसाव्या पानावर सापडलं. तिथेच खाली बारीक अक्षरांत होतं, वजाबाकीचं उत्तर उणे आल्यास शून्य छापले जाईल.

बाईंनी ती ओळ तीनदा वाचली. मग आकडे काढले.

एकेचाळीस जणांपुढे पाव, पावाहून थोडं कमी, थोडं जास्त. सुनेपुढे शून्य दशांश सात. सगळ्यांत जास्त. बिल्ला तिने लावला होता, रोज लावला होता. आणि त्रेचाळिसावा, घरकोंबडा: चार दशांश एक.

जो घर सोडत नव्हता, त्याच्यावर सगळ्या गावाच्या कितीतरी पट. सगळ्यांच्या आकड्यांतून संगणकाने चार वजा केले होते. मग शून्याशिवाय उरणार काय?

कोणीतरी घरकोंबड्याला हात लावला होता. हे नक्की. बाईंनी कोरा कागद घेतला आणि नावं लिहिली. झाडूवाली. यंत्र दुरुस्त करणारा. इतिहासवाले सर. रजेवरचे डॉक्टर, ते खरंच रजेवर होते का? विभागप्रमुख मॅडम. त्या कायमच्या जागेची दुसरी उमेदवार, तिला जागा हवीच होती. अकरा नावं झाली. मग एकेक खोडायला घेतलं. कपाट उघडायला किल्ली हवी. झाडूवालीकडे नाही. दुरुस्तीवाल्याकडे नाही. सरांकडे नाही. नाव खोडताना प्रत्येक वेळी त्यांचा हात नकळत गळ्यातल्या दोऱ्याकडे जात होता. अकराही नावं खोडून झाली. कागदावर कोणी उरलं नाही.

त्यांनी उठून कपाट उघडलं. खिळा तिथेच, बिल्ला तिथेच. आणि त्याच्या बरोबर खाली, हातभर अंतरावर, पुठ्ठ्याचा खोका.

बाईंनी यादी काढली. आपल्याच खुणा दिसल्या, एकेक सरळ आणि ठसठशीत. 'गजराची घड्याळं सात' याच्यापुढे सरांनी बारीक अक्षरात आणखी काही लिहिलं होतं. त्यावरून त्यांची खूण आरपार गेली होती. 'अंधारात काटे चमकत असत.' त्यांनी मोजलं होतं. वाचलं नव्हतं.

त्या सुनेच्या खोलीशी गेल्या. सून हातमोजे काढत होती.

"तुझं ते माती मोजायचं यंत्र," बाई म्हणाल्या, "आहे का इथे?"

सुनेने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता यंत्र घेतलं. बाईंच्या खोलीच्या दाराशी ते मधूनच एखादा टिकटिक आवाज करत होतं. बाईंच्या खुर्चीशी थोडं जास्त. कपाटाचं दार उघडून सुनेने ते खोक्याजवळ नेलं, तेव्हा पत्र्यावर पाऊस पडावा तसं वाजायला लागलं.

"घड्याळं," सून म्हणाली. "पूर्वी काट्यांना रेडियमचा रंग लावायचे. रात्री वेळ दिसावी म्हणून."

"पण ही चमकत नाहीत. मी अंधारात उघडला होता खोका एकदा."

"चमकणारा रंग मरतो. रेडियम मरत नाही." तिने यंत्र पुन्हा बाईंच्या खुर्चीशी धरलं आणि मग खोका उचलून लांब नेला. "इथे फारसं नव्हतं पडत. तुम्हाला काही झालेलं नाही." मग म्हणाली, "गंमत आहे. आम्ही वस्तीतली माती वीतवीत मोजतो. वस्तू इतिहासवाल्यांच्या, म्हणून त्या कोणी मोजल्याच नाहीत. खोका इथे ठेवला कोणी?"

बाईंनी कुलूप लावलं. पुन्हा उघडलं, कारण आता आत ठेवण्यासारखं काही नव्हतं.

"मी," त्या म्हणाल्या.

दोघी विभागप्रमुख मॅडमकडे गेल्या तेव्हा इतिहासवाले सर तिथेच बसले होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. "लोकांच्या घरात अजून आहेत तसली घड्याळं," ते म्हणाले. "उशाशी."

"ते आपण बघू," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "बाई, तुमच्या निवृत्तीला सात महिने राहिलेत. एकतीस वर्षांत एक ठपका नाही. तांत्रिक बिघाड झाला असं लिहू. यंत्राचा दोष. हिची नोटीस रद्द होईल, अहवाल पुन्हा काढता येईल. कोणाचंच काही जाणार नाही."

बाईंनी सुनेकडे पाहिलं. सून खिडकीबाहेर बघत होती.

"यंत्राचा दोष लिहिला," बाई म्हणाल्या, "तर उद्या कोणीही म्हणेल, यंत्रच बिघडलेलं, मग शून्य दशांश सात तरी खरा कशावरून? हिचा बिल्ला लावल्याचा पुरावा तेवढा एकच आहे. तो यंत्राचाच आहे. त्याला खोटं पाडून हिला खरं कसं ठरवायचं?"

"बाई, थोडं व्यवहाराने घ्या."

"तेच घेते आहे."

त्यांनी मॅडमच्याच टेबलावरचा कागद ओढला. 'कंट्रोल बिल्ला माझ्या ताब्यातील कपाटात होता. त्याच कपाटात मी कोणालाही न विचारता किरणोत्सारी वस्तूंचा खोका ठेवला. यादी मोजली, वाचली नाही. यंत्र व्यवस्थित आहे. सदर तंत्रज्ञाने बिल्ला नियमित वापरला आहे. माझा आधीचा शेरा चुकीचा होता.' 'चुकीचा' शब्दाखाली त्यांनी रेघ ओढली, सही केली आणि तारीख घातली. मग मॅडमना म्हणाल्या, "पोच द्या."

सुनेची मुलाखत झाली आणि जागा तिला मिळाली. बाईंना लेखी समज मिळाली, सेवापुस्तकात ती लागली. प्रकल्पाचे चारही विभाग पहिल्यांदा एका खोलीत बसले, आणि सर घरोघर घड्याळं मागत हिंडू लागले, या वेळी सुनेला आणि तिच्या यंत्राला सोबत घेऊन.

घरी मात्र काही दिवस भांड्यांचा आवाज माणसांपेक्षा जास्त होता. सून वाढायची, विचारायची, उत्तर द्यायची, आणि पर्स आतल्या खिळ्यालाच असायची. बाईंनी एकदा विषय काढला. "मी त्या शेऱ्याचं..."

"लिहिलंत ना कागदावर," सून म्हणाली. "वाचलं मी." आणि दिवा बंद करून झोपायला गेली.

नवरा म्हणाला, "तोंडी अर्ज ती घेत नाही. तुझ्यासारखीच."

पुढची तिमाही सुरू झाली त्या सकाळी बाई बिल्ले वाटत होत्या. सुनेचा बिल्ला दिला, तिने छातीवर लावला. मग बाईंनी त्रेचाळिसावा बिल्ला काढला आणि तिच्यापुढे धरला.

"हा तू ठेव. तुला हवा तिथे. मी जाणार आहे चार महिन्यांत, आता याला दुसरं घर शोधायला हवं."

सुनेने बिल्ला तळहातावर उलटापालटा केला, खिशात घातला आणि निघून गेली. अर्ध्या तासाने ती खिडकीशी आली.

"ठेवला."

"कुठे?"

"ते नाही सांगणार, आई."

"अगं, निदान आसपास काय आहे ते बघितलंस का? खाली, मागे? भिंतीपलीकडे कोण बसतं?"

"यंत्राने चारी बाजूंनी मोजून ठेवलाय. कागदही केलाय. पाकिटात बंद, मॅडमकडे. तीन महिन्यांनी उघडायचा."

बाईंनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी बिल्ल्याबद्दल पुन्हा विचारलं नाही. दुपारी मात्र त्या दोन वेळा पाणी प्यायला उठल्या आणि दोन्ही वेळा लांबच्या वाटेने, कोपऱ्याकोपऱ्यात नजर टाकत परत आल्या. दुसऱ्या वेळी सून आपल्या खोलीच्या दाराच्या काचेतून बघत होती. तिने बोटाने नाही अशी खूण केली. बाई मुकाट्याने खुर्चीत येऊन बसल्या.